दोषसूचनांचा इतिहास : फोर्ट्रान-संहिता, कंपायलर आणि वैज्ञानिक लायब्रऱ्यांची उभारणी (१९५७–२०२४)

१

वैज्ञानिक गणनेसाठी रचलेली एखादी लायब्ररी तिच्या मूळ संहितेपासून नव्या यंत्रावर उभी करावयाची, हे काम आज भौतिकी, हवामानशास्त्र, संख्याशास्त्र अशा अनेक विभागांतील संशोधकांच्या वाट्यास येते, आणि ते पहिल्याच प्रयत्नात क्वचितच तडीस जाते. संहिता जुनी व नावाजलेली असते. शेकडो ठिकाणी ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली असते. तरीही नव्या कंपायलरपुढे ठेवताच दोषसूचनांची रांग लागते. या सूचना म्हणजे केवळ वाटेतील अडथळा असे मानून जी काही युक्ती हाती लागेल ती वापरून पुढे जाण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु या सूचनांना स्वतःचा इतिहास आहे. कंपायलर कोणती चूक पाहू शकतो आणि कोणती पाहू शकत नाही, ही सीमारेषा काही ठराविक वेळी, काही ठराविक कारणांसाठी आखली गेली आणि पुढे अनेकदा सरकली. ती कोठून कोठे सरकली हे ज्ञात असल्यावाचून आजच्या दोषसूचनेचा अर्थ पुरतेपणी लागत नाही.

प्रारंभी तीन टप्पे ध्यानात घेणे आवश्यक आहे. कंपायलर संहितेच्या एकेका घटकाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. लिंकर हे रूपांतरित घटक नावांच्या आधारे परस्परांस जोडतो. आणि त्यानंतर सिद्ध झालेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालतो. चूक तिन्ही ठिकाणी प्रकट होऊ शकते. मात्र जेथे ती प्रकट होते तेथेच ती उद्भवलेली असते, असे नाही. भारतीय शाब्दबोधविचारात वाक्यार्थ सिद्ध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. एका पदास दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा, पदार्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता, आणि पदे एकमेकांच्या निकट उच्चारली जाणे हा संनिधी. उपमेची मर्यादा सांभाळून असे म्हणता येईल की, कंपायलरांनी आकांक्षेचा भंग आरंभापासून ओळखला. योग्यतेचा भंग मात्र जेथे संनिधी नव्हता तेथे त्यांच्या दृष्टीआड राहिला. प्रस्तुत इतिहासाचा मुख्य धागा हाच आहे.

२

आय. बी. एम. संस्थेत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला फोर्ट्रानचा पहिला कंपायलर १९५७ च्या एप्रिल महिन्यात ७०४ या यंत्राच्या ग्राहकांकडे जाऊ लागला. पिट्सबर्गनजीकच्या वेस्टिंगहाउस-बेटिस या अणुशक्ती-प्रयोगशाळेत तो पोहोचल्याचा वृत्तान्त तेथील हर्बर्ट ब्राइट यांनी पुढे लिहून ठेवला आहे. छिद्रित पत्रांची एक पेटी आली. तिच्यासोबत पत्र नव्हते, की वापराची सूचना नव्हती. हाच तो बहुप्रतीक्षित कंपायलर असावा, असा तर्क करून मंडळींनी ती पत्रे यंत्रात घातली आणि एक छोटा प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला. यंत्राकडून उत्तर आले ते दोषसूचनेच्या रूपात. एका ‘गो टू’ विधानात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम हवा होता, तो नाही, असे त्या सूचनेत नेमकेपणाने सांगितले होते. तेवढे एक पत्र बदलताच प्रोग्राम चालला.

ही घटना गमतीची म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. तिचे खरे महत्त्व निराळे आहे. बाहेरच्या ग्राहकाचा या कंपायलरशी झालेला पहिला संवाद एका दोषसूचनेने सुरू झाला, आणि ती सूचना आदर्श म्हणावी अशी होती. दोष कोठे आहे, काय अपेक्षित होते आणि काय आढळले, या तिन्ही गोष्टी तिने सांगितल्या. मात्र असे यश आकांक्षेच्या क्षेत्रातच शक्य होते. स्वल्पविरामाचा अभाव त्याच विधानात दिसतो. तो पाहण्यास अन्य कोणत्याही पत्राची गरज पडत नाही.

पुढील काळात हे क्षेत्र अधिक शास्त्रशुद्ध झाले. १९५९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत बॅकस यांनी प्रोग्रामिंग-भाषेचे व्याकरण सूत्ररूपाने मांडण्याची पद्धती पुढे ठेवली. पीटर नाउर यांनी ती परिष्कृत केली आणि १९६० च्या अल्गोल-अहवालात तिचा उपयोग झाला. सूत्रे, संज्ञा आणि पर्याय यांनी भाषेचे वर्णन करण्याच्या या रीतीचे पाणिनीच्या पद्धतीशी असलेले साम्य पाहून पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे अशी सूचना एका पत्राद्वारे केली होती. व्याकरण असे सूत्रबद्ध झाल्यामुळे व्याकरणभंग शोधणे ही कंपायलरच्या दृष्टीने सुटलेली समस्या ठरली. एका गळलेल्या चिन्हामुळे पुढील अनेक विधाने दोषयुक्त भासणे, हा त्यातील उपद्रव मात्र कायम राहिला. म्हणूनच सूचनांच्या लांबलचक यादीतील पहिली सूचना प्रथम वाचावी, ती दूर करावी आणि मग उरलेल्यांचा विचार करावा, हा नियम आजही तितकाच उपयुक्त आहे.

३

१९५८ मध्ये फोर्ट्रानची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीतील ज्या उणिवा दूर करण्याचा तिचा हेतू होता, त्यांत दोन प्रमुख होत्या : दोषसूचना अधिक स्पष्ट हव्या होत्या, आणि उपप्रोग्राम लिहिण्याची सोय हवी होती. या दोन हेतूंपैकी दुसऱ्याच्या पूर्तीने पहिल्यापुढे एक नवी अडचण उभी केली.

उपप्रोग्राम स्वतंत्रपणे कंपाइल करता येऊ लागला, म्हणजे मोठ्या प्रोग्रामातील एक भाग बदलला की तेवढाच पुन्हा रूपांतरित करावयाचा. यंत्राचा वेळ अत्यंत महाग असलेल्या त्या काळात ही सोय अनमोल होती. एकाने लिहिलेला उपप्रोग्राम दुसऱ्याने न पाहता वापरावा, हे जे लायब्ररीचे तत्त्व, तेही यामुळेच शक्य झाले. परंतु अशा रचनेत बोलावणारा आणि बोलावला जाणारा हे दोघे कंपायलरसमोर एकत्र कधीच येत नाहीत. बोलावणारा दोन पूर्णांक आणि एक वास्तव संख्या पाठवितो; बोलावला जाणारा तीन वास्तव संख्या अपेक्षितो. दोन्ही घटक आपापल्या जागी निर्दोष असतात. लिंकर केवळ नाव जुळते की नाही हे पाहतो. त्या नावामागील आर्ग्युमेंटांची संख्या वा प्रकार त्यास ज्ञात नसतो. योग्यतेचा भंग झालेला असतो, पण संनिधीच्या अभावी तो दिसत नाही.

१९६६ च्या अमेरिकन प्रमाणकाने अशा विसंगतीस मनाई केली. परंतु ती शोधून काढण्याचे बंधन कंपायलरवर घातले नाही. निषेध असावा आणि तपास नसावा, या स्थितीचा परिणाम अपेक्षित तोच झाला. ज्या विसंगती तत्कालीन यंत्रांवर उपद्रवकारक ठरत नव्हत्या, त्या शिष्टसंमत होऊन बसल्या. एकाच उपप्रोग्रामाकडे कधी पूर्णांकांची, कधी वास्तव संख्यांची, कधी संमिश्र संख्यांची मालिका पाठविणे हा रूढ प्रघात झाला; कारण पाठविला जात होता तो केवळ स्मृतीतील पत्ता, आणि पत्त्यास प्रकार नसतो.

४

ही उणीव त्या काळातील जाणकारांच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६५ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाने ‘वॉटफोर’ हा कंपायलर रचला. विद्यार्थ्यांचे छोटे प्रोग्राम जलद रूपांतरित व्हावेत आणि त्यांतील चुकांची नीट माहिती मिळावी, हा त्याचा हेतू होता. १९६७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या ‘डिट्रान’ या कंपायलरने तर दोषनिदान हेच आपले मुख्य प्रयोजन मानले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सी. डी. सी. ३६०० हे यंत्र आल्यावर भारतातही अनेक संस्थांतील संशोधकांचा फोर्ट्रानशी संबंध आला. पत्रांचा गठ्ठा सुपूर्द करून निकालाची वाट पाहावयाची, अशा व्यवस्थेत एका दोषसूचनेची किंमत दिवसांत मोजली जाई. तेव्हा नेमक्या सूचनेचे मोल त्या पिढीस वेगळे सांगावे लागत नव्हते.

घटकांच्या सीमेपलीकडे पाहणारे साधन मात्र १९७४ मध्ये आले. बेल प्रयोगशाळेतील बार्बरा रायडर यांनी प्रसिद्ध केलेला ‘पीफोर्ट व्हेरिफायर’ हा कंपायलर नव्हता, तो परीक्षक होता. सारे उपप्रोग्राम एकत्र वाचून तो त्यांच्यातील आर्ग्युमेंटांचा व सामाईक स्मृतिखंडांचा मेळ तपाशी, आणि फोर्ट्रानच्या सर्वत्र चालणाऱ्या अंशापलीकडे संहिता गेली असेल तर तसे सांगे. परंतु तो वेगळा चालवावा लागे, आणि जे साधन वेगळे चालवावे लागते ते बहुतांशी चालविले जात नाही. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक झालेल्या फोर्ट्रान ९० ने ‘मॉड्यूल’ आणि स्पष्ट ‘इंटरफेस’ यांच्या द्वारे हा तपास भाषेतच आणला. तोवर मोठ्या लायब्रऱ्या जुन्या रीतीने लिहून झाल्या होत्या.

५

त्या लायब्रऱ्यांची घडणही याच काळातील आहे. विल्किन्सन आणि राइन्श यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील अल्गोल-पद्धतींवरून आयगेन मूल्ये काढण्याचे फोर्ट्रान-उपप्रोग्राम अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने तयार झाले. हीच ‘आइसपॅक’ लायब्ररी. निरनिराळ्या संस्थांतील निरनिराळ्या यंत्रांवर संहितेची पद्धतशीर चाचणी घेण्याचा पायंडा तिने पाडला. १९७९ मध्ये लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रोग यांनी ‘ब्लास’ या मूलभूत क्रियांच्या संचाची नावे व आर्ग्युमेंटे निश्चित केली. त्याच वर्षी ‘लिनपॅक’ची मार्गदर्शिका आली, आणि १९९२ मध्ये या दोन्ही परंपरांचा वारसा सांगणारी ‘लापॅक’ प्रसिद्ध झाली.

१९८५ मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी सुरू केलेल्या ‘नेटलिब’ या सेवेमुळे अशी संहिता इलेक्ट्रॉनिक टपालाने कोणासही मागविता येऊ लागली. येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. पूर्वी ज्या जाणकारांनी संहिता लिहिली, तेच किंवा त्यांच्या परिचयाचे लोक ती यंत्रावर उभी करीत. आता संहिता पोथीप्रमाणे दूरदूर जाऊ लागली, आणि तिचे रूपांतर करणारा हा तिच्या कर्त्यांस सर्वस्वी अपरिचित असा वाचक झाला. दोषसूचना कर्त्याच्या हाती न पडता या वाचकाच्या हाती पडू लागली.

यंत्रपरत्वे बदलणाऱ्या राशींचा प्रश्न या वाचकास प्रथम भेटला. १९७८ च्या ‘पोर्ट’ लायब्ररीत प्रत्येक यंत्राचे स्थिरांक टिप्पणीच्या रूपाने लिहिलेले असत. आपल्या यंत्राच्या ओळी तेवढ्या जागृत करून घ्यावयाच्या. लापॅकने यंत्राची अंकमर्यादा प्रोग्राम चालत असतानाच मोजणारा उपप्रोग्राम योजला. परंतु कंपायलरने त्याचे वेगवर्धक संस्करण केले की मोजणीची विधाने निरर्थक समजून बदलली जात आणि मापन चुके. म्हणून एवढ्या एका संहितेस संस्करणाविना रूपांतरित करावे, असा नियम उभारणीच्या विधीत घालावा लागला. पुढे फोर्ट्रान ९० मधील अंगभूत फलनांचा आधार घेतल्यावर ही अडचण दूर झाली. नियमामागील कारण ठाऊक नसलेल्याने तो ‘अनावश्यक’ म्हणून वगळावा आणि मग चुकीच्या उत्तरांचे मूळ अन्यत्र शोधीत बसावे, असा तो प्रकार होता.

६

लिंकरच्या सूचनांचा इतिहास एका अधोरेखेभोवती फिरतो. युनिक्सवरील फोर्ट्रान ७७ चा कंपायलर स्टुअर्ट फेल्डमन आणि पीटर वाइनबर्गर यांनी १९७८ च्या सुमारास तयार केला. फोर्ट्रानमधील नावे सी भाषेतील नावांशी एकरूप होऊन गोंधळ होऊ नये, म्हणून त्यांनी प्रत्येक बाह्य नावाच्या शेवटी एक अधोरेखा जोडली. उभारणीच्या इतिहासात फेल्डमन यांचे नाव आणखी एका कारणाने येते. बदललेल्या फायली तेवढ्याच पुन्हा रूपांतरित करणारे ‘मेक’ हे साधन १९७६ मध्ये त्यांनीच रचले होते. आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच झाला पाहिजे, हा त्याचा नियम आरंभीच्या मोजक्या वापरकर्त्यांस त्रास नको म्हणून तसाच राहिला, आणि पुढील पिढ्यांस दोषसूचनांचा एक चिरंतन प्रकार देऊन गेला.

१९९० मधील ‘एफ-टू-सी’ या रूपांतरकाने अधोरेखेच्या नियमात भर घातली. मूळ नावातच अधोरेखा असेल तर शेवटी एकीऐवजी दोन जोडाव्यात, असे त्याने ठरविले, आणि ग्नू प्रकल्पातील ‘जी-७७’ कंपायलरने तीच रीत स्वीकारली. एप्रिल २००५ मध्ये जी. सी. सी. च्या ४.० या आवृत्तीत जी-७७ च्या जागी ‘जीफोर्ट्रान’ आला, आणि त्याने दुसरी अधोरेखा सोडून दिली. परिणामी, जुन्या कंपायलरने सिद्ध केलेली लायब्ररी आणि नव्या कंपायलरने सिद्ध केलेला प्रोग्राम एकत्र आणताच लिंकर ‘हे नाव कोठेही आढळत नाही’ असे सांगू लागला. लायब्ररी तर समोरच असे. अशा वेळी चिन्हसूची दाखविणाऱ्या ‘एनएम’ या साधनाने दोन्ही बाजूंची नावे अक्षरशः ताडून पाहणे हाच खात्रीचा उपाय होय. पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्यास जशी एखाद्या मात्रेची दखल घ्यावी लागते, तशी येथे एका रेघेची घ्यावी लागते. नावे जुळूनही तीच सूचना येत असेल, तर क्रम पाहावा. पारंपरिक लिंकर संग्रह डावीकडून उजवीकडे वाचतो. लापॅकला ब्लासची अपेक्षा असल्याने लापॅक आधी आणि ब्लास नंतर असा क्रम ठेवावा लागतो.

तथापि, नाव न जुळणे ही सुदैवाची गोष्ट म्हणावी लागेल. कारण तेथे निदान सूचना तरी मिळते. नाव जुळून संकेत न जुळल्यास काय होते, याचा अनुभव ॲपलच्या मॅक संगणकांवरील ‘ॲक्सिलरेट’ या संचाने दिला. जी-७७ च्या रीतीत एकेरी अचूकतेचे वास्तव फलन आपले उत्तर दुहेरी अचूकतेत परत करी. जीफोर्ट्रान ते एकेरीतच अपेक्षितो. मॅकवरील संच जुन्या रीतीचा आणि त्यास बोलावणारा प्रोग्राम नव्या रीतीचा, असा योग आला. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर दोन्ही उत्तरे एकाच प्रकारच्या नोंदणीस्थानातून परत येत, म्हणून काही बिघडत नसे. ६४ बिटांच्या यंत्रावर मात्र दुहेरी संख्येचा केवळ खालचा अर्धा भाग वाचला जाई. उत्तर एखादा लहान पूर्णांक असेल तर तो अर्धा भाग सर्वस्वी शून्य असतो. म्हणजे दोन सदिशांच्या गुणाकाराचे उत्तर ३ असताना हाती शून्य येई. संमिश्र संख्यांच्या फलनांत तर प्रोग्राम मध्येच कोसळे. कंपायलर संतुष्ट, लिंकर संतुष्ट, आणि उत्तर चूक, अशी ही अवस्था होती.

७

याहून सूक्ष्म असे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. फोर्ट्रानमध्ये अक्षरमाला आर्ग्युमेंट म्हणून पाठविली की तिची लांबीही पाठवावी लागते. संहितेत ती लिहिलेली नसते. कंपायलर ती यादीच्या अखेरीस अध्याहृत रूपाने जोडतो. लापॅकचे पुष्कळ उपप्रोग्राम ‘वरचा त्रिकोण की खालचा’ असे सुचविणारे एकच अक्षर घेतात. सी भाषेतून त्यांस बोलावणाऱ्यांनी ही अध्याहृत लांबी पाठविणे अनेक वर्षांपासून सोडून दिले होते. लांबी नेहमी एकच असल्याने बोलावला जाणारा उपप्रोग्राम ती कधी वाचत नसे, आणि सर्व काही सुरळीत चाले.

जीफोर्ट्रानच्या नव्या आवृत्त्यांनी एक वेगवर्धक युक्ती अधिक प्रमाणात वापरण्यास प्रारंभ केला. एखादा उपप्रोग्राम शेवटी दुसऱ्यास बोलावून संपत असेल, तर स्वतःस मिळालेली आर्ग्युमेंटांची जागाच पुढच्यासाठी वापरावी, अशी ती युक्ती. त्या जागेत अध्याहृत लांबीचे स्थान असणारच, हे कंपायलरने गृहीत धरले होते. बोलावणाऱ्याने ते स्थान राखलेलेच नसल्यामुळे भलत्याच स्मृतीवर लेखन होऊ लागले. आर या संख्याशास्त्रीय प्रणालीच्या विकासकांनी या दोषाचा माग काढला, तेव्हा केवळ त्यांचीच संहिता नव्हे, तर सी भाषेसाठी रचलेले ब्लास व लापॅकचे प्रतिष्ठित दुवेही त्याच सवयीचे असल्याचे दिसून आले.

दोष कोणाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. नियमाच्या दृष्टीने कंपायलर निर्दोष होता. रूढीच्या दृष्टीने बोलावणारे निरपराध होते. शेवटी दोन्ही बाजूंनी पाऊल उचलले. जी. सी. सी. ने जुन्या संहितेस सांभाळून घेणारा एक पर्याय घातला, आणि आरने लांबी स्पष्टपणे पाठविण्याची सोय आपल्या शीर्षफायलींत केली. रूढी शास्त्राहून बलवान ठरते, हा भाषेच्या अभ्यासकांच्या परिचयाचा न्याय येथेही दिसतो. भेद एवढाच की, यंत्राच्या बाबतीत रूढीस मिळालेली ही सवलत कधी काढून घेतली जाईल, याची शाश्वती नसते.

८

मे २०२० मध्ये जी. सी. सी. ची १० वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि १९५८ पासूनच्या मौनाचा एक भाग संपला. एकाच फायलीत एकाच बाह्य उपप्रोग्रामास एकदा एका प्रकारची व दुसऱ्यांदा निराळ्या प्रकारची आर्ग्युमेंटे पाठविली गेली, तर जीफोर्ट्रान तो आता दोष मानू लागला. ‘या ठिकाणचा आणि त्या ठिकाणचा प्रकार जुळत नाही’ असे सांगून तो दोन्ही ठिकाणे क्रमांकाने दर्शवितो. समांतर गणनेसाठी वापरला जाणारा एम. पी. आय. हा संकेत तर एकच उपप्रोग्राम सर्व प्रकारच्या राशींसाठी वापरण्यावर आधारलेला होता. त्यामुळे ‘स्कालापॅक’सारख्या लायब्रऱ्यांची तत्कालीन आवृत्ती रूपांतरित होईना, आणि ‘एमपिच’ची उभारणी आरंभीच्या परीक्षेतच थांबू लागली. त्याच आवृत्तीत सी भाषेच्या बाबतीतही एक सवलत संपली. शीर्षफायलीत चुकून व्याख्या झालेले सामाईक चल पूर्वी लिंकर एकत्र करून घेई. आता ‘एकाच नावाच्या अनेक व्याख्या’ अशी सूचना येऊ लागली.

फोर्ट्रानच्या दोषावर तोडगा लगोलग उपलब्ध होता. ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय दिला की दोषाची केवळ ताकीद होते. बहुसंख्य ठिकाणी हाच उपाय योजला गेला, आणि दीर्घकाळ चाचणी झालेल्या लायब्ररीच्या बाबतीत तो अनुचितही नव्हता. परंतु हा पर्याय सरसकट लावला, की रूढीने संमत केलेल्या विसंगतीबरोबरच नवी, खरीखुरी चूकही झाकली जाते. शाश्वत उपाय निराळा होता, आणि तो आधीच सिद्ध होता. २०१२ मध्ये एम. पी. आय. च्या तिसऱ्या आवृत्तीने असे मॉड्यूल पुरविले होते, की ज्यात ‘येथे कोणत्याही प्रकारची राशी चालेल’ हे भाषेलाच सांगता येते. त्यासाठी लागणारी योजना पुढे फोर्ट्रान २०१८ या प्रमाणकात समाविष्ट झाली. अपवाद करावयाचा तर तो नियमातच लिहावा, ही यामागील दृष्टी होय.

याच्या उलट, दोष दिसूनही न दिसल्यासारखा होण्याचा प्रकार ‘ऑटोकॉन्फ’च्या इतिहासात आढळतो. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी आरंभिलेल्या या साधनापासून निघणारी ‘कॉन्फिगर’ ही आज्ञावली छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहते. जो यशस्वी होईल ती सोय यंत्रात आहे असे मानते, आणि जो अयशस्वी होईल ती नाही असे मानते. म्हणजे येथे दोषसूचना हाच पुरावा असतो. परंतु पुराव्याचे कारण तपासले जात नाही. आधी घोषित न केलेले फलन वापरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने काढून घेतली होती, तरी कंपायलर ती चालवून घेत. २०२३ मध्ये क्लँगच्या १६ व्या आणि २०२४ मध्ये जी. सी. सी. च्या १४ व्या आवृत्तीने तिला दोष ठरविले. त्यामुळे जुन्या कॉन्फिगर-आज्ञावलीतील जे परीक्षा-प्रोग्राम ‘एक्झिट’ हे फलन घोषित न करताच वापरीत, ते त्या कारणाने अयशस्वी होऊ लागले, आणि यंत्रात असलेली सोय ‘नाही’ म्हणून नोंदविली जाऊ लागली. उभारणी पूर्ण होते, पडद्यावर दोष दिसत नाही, मात्र लायब्ररी उणी राहते. अशा वेळी ‘कॉन्फिग-लॉग’ ही नोंदवही उघडून नकाराचे मूळ कारण वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

९

या इतिहासावरून उभारणीतील दोषनिवारणाची एक रीत आपोआप स्पष्ट होते. प्रथम, सूचना कोणत्या टप्प्यावरील आहे हे ठरवावे. कंपायलरची, लिंकरची आणि कॉन्फिगरची सूचना यांचे वाचन निरनिराळ्या प्रकारे करावे लागते. दुसरे, पहिल्या सूचनेस प्राधान्य द्यावे. तिसरे, संहितेचे वर्ष आणि कंपायलरचे वर्ष शेजारी मांडावे. या दोन वर्षांच्या दरम्यान कोणती सवलत संपली, या प्रश्नाचे उत्तर हेच बहुधा दोषाचे निदान असते. चौथे, सवलत देणारा पर्याय वापरावा लागलाच तर तो त्या घटकापुरता वापरावा, आणि का वापरला हे लिहून ठेवावे. अन्यथा पुढील वाचकास तो नियम निष्कारण वाटून वगळला जाईल. पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे, उभारणी निर्दोष पूर्ण झाली म्हणजे उत्तरे बरोबर आहेत असे मानू नये. लापॅकसारख्या लायब्रऱ्यांबरोबर त्यांचे स्वतःचे परीक्षा-प्रोग्राम दिलेले असतात. ते चालवून पाहिल्यावाचून उभारणी पुरी झाली असे म्हणता येत नाही. गुणाकाराच्या जागी शून्य देणारी लायब्ररी कोणत्याही दोषसूचनेशिवाय सिद्ध झाली होती, हे विसरता कामा नये.

पूलाच्या तुळईवरील भार असो, पर्जन्याचे अनुमान असो, वा औषधाच्या चाचणीतील तफावत असो. आजच्या विज्ञानातील असंख्य आकडे शेवटी या जुन्या संहितांतून निघतात. त्या संहितांचे मूळ कर्ते बव्हंशी कार्यनिवृत्त झाले आहेत, काही हयात नाहीत. त्यांनी कशावर विसंबून काय लिहिले, हे सांगणारा साक्षीदार पुष्कळदा कंपायलरची सूचना हाच उरतो. १९५७ मध्ये त्या सूचनेने गळलेला स्वल्पविराम दाखविला होता. २०२० मध्ये तिने पूर्वीच्या पिढ्यांनी परस्परांवर टाकलेला, पण कोठेही न लिहिलेला विश्वास दाखवून दिला. तिचा आवाज बंद करणे सोपे आहे. तिने दाखविलेला संकेत संहितेत लिहून काढणे हे कष्टाचे काम आहे, आणि ही संहिता पुढील पिढीच्या हाती विश्वासार्ह स्वरूपात जावयाची असेल तर ते कोणीतरी केलेच पाहिजे.